बटणावरचा अंगठा

परवा नारायणगावात एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयाच्या फाटकात गाड्या लावून घेणारा माणूस हातातल्या वॉकी-टॉकीत म्हणाला, "पांढरी गाडी मागं घ्यायला सांग, ओव्हर." पंगतीत बसले तरी ते 'ओव्हर' कानातून जाईना. ताटात जिलबी पडली आणि मला निकम दिसायला लागला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "का हो, गोड चालत नाही का?" म्हटलं, चालतं, पण एका माणसाची आठवण झाली. "गेले का ते?" त्यांनी हळहळून विचारलं. "छे हो, चांगला ठणठणीत आहे," मी म्हणाले. माझ्या आवाजातली नाराजी त्यांना कळली असावी, कारण पुढे त्या मठ्ठ्याकडे वळल्या.

तो ठणठणीत आहे हे एका अर्थी बरंच आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जीभ आवरावी लागते, इथे तशी गरज नाही.

वारूळवाडीच्या पुढे द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. तिथे मी काही हंगाम लेबलांच्या टेबलावर होते. बागेतून क्रेट यायचे, टेबलावरच्या बायका घड निवडून, साफ करून बॉक्स भरायच्या, मी त्यावर लेबल चिकटवायची. मग बॉक्स कोल्ड रूममध्ये आणि तिथून परदेशी जाणाऱ्या गाडीत. या सगळ्यावर मॅनेजर होता निकम. नावापुढे 'साहेब' लावल्याशिवाय त्याला हाक ऐकू यायची नाही. लिहिताना मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. एवढा सूड मला परवडतो.

दिसायला वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, शेडमध्येसुद्धा डोक्यावर चढवलेला काळा चष्मा. शेडमध्ये शिरला की आधी माणसांकडे न बघता छताकडे बघायचा, जणू पत्र्यावर बसून कुणीतरी कामचुकारपणा करतंय. कुणी बोलायला तोंड उघडलं की तळहात पुढे करून म्हणायचा, "आधी ऐकून घ्या." आपण ऐकून घ्यायचं. त्याचं संपेपर्यंत आपलं काय होतं ते आपल्यालाच आठवायचं नाही.

वॉकी त्यानेच आणले. खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. शेडला पत्रा, कोल्ड रूमला जाड भिंती, मोबाइलची रेंज जेमतेम. हातात मोजे, मोजे ओले. गेटवर गाडी आली की कुणीतरी पळत आत यायचं, क्रेट कमी पडले की कुणीतरी पळत बाहेर जायचं. निकमने स्वस्तातले वॉकी मागवले, काळे, आखूड अँटेनाचे, आणि पहिले काही दिवस सगळ्यांना खरंच बरं वाटलं. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. टेबलावरच्या बायकांची मुकादम सिंधूबाई. ती तर म्हणाली, "पाय वाचलं बया. पयलं दिसभर नुसती पळापळ." तिचं वय झालेलं, गुडघे दुखायचे, पण आवाज असा खणखणीत की तिला वॉकीची गरज नव्हती.

या वॉकीची एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फोनसारखं यात दोघांना एकदम बोलता येत नाही. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी दाबलं तर ज्याचा जोर जास्त त्याचंच पोचतं. आणि ज्याचं बटण दाबलेलं असतं त्याला दुसऱ्या कुणाचं काहीही ऐकू येत नाही. निकमसाठी याहून योग्य वस्तू जगात कुणी बनवली नसती.

वॉकीला तो 'रेडिओ' म्हणायचा. त्याने स्वतःला 'बेस' नाव दिलं. बाकीच्यांना आकडे. बोलायचं असेल तर आधी "बेस, बेस" म्हणायचं, त्याने "बोला" म्हटलं तर बोलायचं, शेवटी "ओव्हर" म्हणायचं. हिंदी सिनेमातून उचललेलं एक "रॉजर"ही तो मधूनमधून टाकायचा. चार्जर सगळे त्याच्या टेबलावर, त्याच्या देखरेखीत. कुणावर राग असेल त्याला सकाळी अर्धवट चार्ज झालेला वॉकी मिळायचा आणि दुपारी तो बंद पडला की बोलणी मिळायची.

कोल्ड रूमचं काम दगडूभाऊंकडे होतं. घर धनगराचं, भावाच्या मेंढ्या अजून रानोमाळ फिरतात, हे मात्र छातीला दमा लागल्यापासून एका जागी टिकलेले. दम्याच्या माणसाने थंडीत काम करावं का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "उन्हातल्या धुरळ्यापरीस गारवा बरा वो ताई. फकस्त लई येळ थांबाय नगं. आत जायाचं, ठिवायचं, भायेर यायाचं." थोडा वेळ आत, मग बाहेर येऊन श्वास घ्यायचा, मग पुन्हा आत. त्यांचं सगळं गणित त्या बाहेर येण्यावर होतं. आत जाताना ते अंगावर घोंगडी घ्यायचे, काळी, जाड, घरच्या लोकरीची.

वॉकी हातात आल्यावर दगडूभाऊंनी पहिल्याच दिवशी गंमत केली. माळावर मेंढ्या वळवणाऱ्याला हाक मारतात तशी त्यांनी बटण दाबून गेटवरच्या बाळूला हाक मारली, "आरं ए बाळ्याऽऽ, गाडी आली का रंऽऽ!" सगळ्यांचे वॉकी एकदम फाटल्यासारखे वाजले. बायका हसून हसून टेबलावर पडल्या. निकमने तिथल्या तिथे, सगळ्यांच्या कानात, दगडूभाऊंना वॉकी कसा धरायचा यावर व्याख्यान दिलं. वयाने मोठ्या माणसाला तो अरे-तुरे करत होता. दगडूभाऊ वॉकी तोंडापासून लांब धरून ऐकत उभे होते.

तेव्हापासून त्याला व्याख्यानांची चटक लागली. पूर्वी कुणाला झापायचं तर उठून जावं लागायचं. आता तो ऑफिसच्या काचेआड खुर्चीत बसून, अंगठा बटणावर ठेवून, एकाला झापायचा आणि ते सगळ्यांनी ऐकायचं. आहुप्याकडून आलेला बाळू स्वभावाने लाजरा. त्याची बायको बाळंतपणाला टेकलेली होती म्हणून तो ऑफिसात जाऊन हळूच रजा मागत होता. निकम म्हणाला, "इथे नाही. गेटवर जा, बेसला कॉल कर आणि कारण सांग. सगळ्यांना कळू दे, कोण किती सुट्ट्या घेतं." बाळूने गेटवरून कॉल केला. बायकोचं काय ते सगळ्या शेडने ऐकलं. शेवटी "ओव्हर" म्हणायला तो विसरला, तर निकमने ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

बायकांच्या बाबतीत तर त्याने कमाल केली. बाथरूमला जायचं असेल तर वॉकीवर "पाच नंबर" असं कळवायचं आणि परत आल्यावरही कळवायचं. तरण्या पोरी दुपारपर्यंत पाणी पिईनाशा झाल्या. सिंधूबाईने काही दिवस बघितलं. मग एके दिवशी ऐन गडबडीत तिने टेबलावरचा वॉकी उचलला, सगळ्या बायकांना उभं केलं आणि बटण दाबलं. "बेस, बेस. आमी समद्या जनी पाच नंबर. तुमाला जायचं आसंल तर आदी जाऊन या, आमी थांबतो. ओव्हर." आणि टेबल रिकामं करून सगळ्या निघून गेल्या. पाच नंबर त्या दिवसापासून बंद झाला. पण निकम असला अपमान विसरणारा नव्हता. तो सिंधूबाईला विसरला नाही आणि टेबलावरचा वॉकी त्याने काढून घेतला. त्यानंतर घड निवडणाऱ्या एकाही बाईकडे वॉकी नव्हता. टेबलाच्या टोकाला फक्त माझ्याकडे राहिला.

कोल्ड रूमच्या दाराची आतली मूठ निघाली ती त्याच सुमारास. दार जाड, जड, सोडलं की आपोआप मिटणारं. बाहेरून उघडायचं, पण आतून उघडायला ती एकच मूठ. दगडूभाऊ मूठ हातात घेऊनच ऑफिसात गेले. "सायेब, आतली मूठ निघून आलीया. फिटर बोलवाय पायजे. दार लागलं तर मानूस आतच ऱ्हाईल."

निकमने मूठ उलटसुलट करून बघितली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "रेडिओ दिलाय ना?"

"व्हय, पर..."

"आधी ऐकून घे. दार लागलं तर बटण दाबायचं आणि सांगायचं. कुणीतरी येऊन उघडेल. रेडिओ कशासाठी आणलेत मग? हंगामात फिटर कुठून आणू?"

तोपर्यंत दाराला रिकामा क्रेट लावून ठेवत होते. त्यावरही त्याने बंदी आणली, गारवा बाहेर जातो म्हणून. काहीही अडलं की त्याचं उत्तर तेच, रेडिओ दिलाय ना. शिडी डगमगते, रेडिओ दिलाय ना. प्यायचं पाणी संपलं, रेडिओ दिलाय ना. ऐकून ऐकून तो शब्द माझ्या डोक्यात जायचा. आजही लिहिताना जातोय.

मग घोंगडी. माल तपासायला बाहेरची माणसं येणार होती. निकम म्हणाला, लोकरीचा एक धागा बॉक्समध्ये सापडला तर सगळा माल परत येईल. यात तो चुकीचा नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. पण घोंगडी काढून घेतल्यावर त्या जागी काय दिलं, तर एक पातळ जाकीट, त्याचीही चेन मोडलेली. कोल्ड रूमच्या दाराबाहेर भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर घोंगडी टांगून दगडूभाऊ आत जायला लागले. बाहेर आले की आधी घोंगडी पांघरायचे, मग श्वास घेत उभे राहायचे. जेवायला बसतानाही तीच अंथरायची. टेबलावरच्या बायकांना सवय झाली. खुंटीवर घोंगडी दिसली की दगडूभाऊ आत, खुंटी रिकामी असली की बाहेर.

त्या दिवशी गाडीत माल भरताना एक थप्पी कोसळली. थोडे बॉक्स फुटले, फार काही नाही. जेवणाची सुट्टी झाली होती. आम्ही शेडच्या सावलीत डबे सोडले आणि माझ्या शेजारी ठेवलेल्या वॉकीतून निकम सुरू झाला. थप्पी कशी लावायची इथून सुरुवात झाली. मग शिस्त. मग आपल्या लोकांना शिस्त का नाही. मग तो स्वतः लहानपणी किती शिस्तीत वाढला. अधेमधे श्वास घ्यायलासुद्धा तो बटण सोडत नव्हता. वॉकीतून भाकरी मोडल्याचा आवाज यावा तसा त्याच्या ओठांचा आवाज येत होता, म्हणजे तोही जेवतच बोलत होता. आम्ही आपापल्या भाजीकडे बघत गिळत होतो.

सिंधूबाईचा घास तसाच हातात राहिला. ती शेडच्या आत बघत होती. "घोंगडी खुट्टीवरच हाये."

कुणालाच आधी कळेना.

"दगडूभाऊ जेवाय आलं न्हाईत. घोंगडी खुट्टीवर हाये, म्हंजी मानूस आत हाये. ताई, त्या डबड्यावर इचारा आदी."

मी बटण दाबलं. "दगडूभाऊ, दगडूभाऊ." बटण सोडलं तर निकम. पुन्हा दाबलं, पुन्हा निकम. सिंधूबाई थांबलीच नाही. ती दुखऱ्या गुडघ्यांची बाई अशी पळाली की आम्ही मागे राहिलो.

दार उघडलं. दगडूभाऊ बॉक्सच्या थप्पीला टेकून खाली बसलेले, ओठ निळसर, छातीतून शिट्टीसारखा आवाज. एका हातात वॉकी, तोंडाशी धरलेला. अंगठा बटणावर होता, पण दाबायची ताकद राहिली नव्हती. आणि त्या वॉकीतून निकम बोलत होता. "...दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय लावा. ऐकून घ्यायची सवयच नाही तुम्हा लोकांना."

त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाच आला नाही. तो अजून गेलेला नाही आणि घालवायचा माझा विचारही नाही.

सिंधूबाईने घोंगडी ओढून दगडूभाऊंच्या अंगाभोवती आवळली. बाळूने त्यांना पाठीवर घेतलं आणि पिकअपमधून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत श्वास ताळ्यावर आला. आम्हाला नंतर त्यांनी सांगितलं ते एवढंच, "बटान दाबीत व्हतो. सोडलं की सायबाचाच आवाज. मंग म्हनलं, आता यो बोलायचा थांबंपत्तुर आपुन थांबावं. पर यो थांबंना."

निकमने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून झाल्या प्रकाराचा खुलासा केला. दगडूने कॉल देताना "बेस, बेस" म्हटलं होतं का, याचा कुणाकडे पुरावा नाही. दुसरं, वरिष्ठ बोलत असताना मध्ये बोलायचं नाही हा नियम आहे आणि तो सगळ्यांच्या भल्यासाठी आहे. तिसरं, काही झालेलं नाही, माणूस सुखरूप आहे, उगाच बाहेर बोभाटा करू नये. मूठ? हंगाम संपला की बघू.

दगडूभाऊंनी घरून निरोप पाठवला, "मूठ बशिवली की येतो. न्हाईतर न्हाई." घरात मिळवते तेवढेच एक होते. निकमने तो निरोप ऐकला आणि बाळूला म्हणाला, "उद्यापासून कोल्ड रूम तुझी."

मला वाटलं, आता बाळू मुकाट्याने आत जाणार. नुकताच बाप झालेला, लांबचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो हळू आवाजात म्हणाला, "नाय जमायचं सायेब." कारण सांगितलं नाही. कमरेचा वॉकी काढून त्याने टेबलावर ठेवला.

"काय म्हणालास?"

उत्तर सिंधूबाईने दिलं, ते बोलून नाही. तिने द्राक्षांचा एक रिकामा क्रेट घेतला, बाळूचा वॉकी त्यात ठेवला आणि माझ्यासमोर धरला. मी माझा टाकला. मग वजनकाट्यावरच्याने, मग गाडी भरणाऱ्यांनी. भरलेला क्रेट घेऊन ती कोल्ड रूमकडे गेली, बाळूने दार धरलं, तिने क्रेट आत थप्पीवर ठेवला आणि बाहेर आली. दार आपोआप मिटलं.

निकम ऑफिसात गेला. काचेतून दिसत होता, अंगठा बटणावर. तो बोलत होता, हातवारे करत होता, चष्मा डोक्यावरून काढून टेबलावर आपटत होता. शेडमध्ये पहिल्यांदाच शांतता होती, बायकांच्या कात्र्यांचा आवाज ऐकू येत होता. एक पोरगी म्हणाली, "आत द्राक्षांस्नी सांगत आसंल." सिंधूबाई म्हणाली, "ती बरी हायेत, मधी बोलत न्हाईत."

काही वेळाने निकमला कळलं असावं की आपलं कुणी ऐकत नाही. तो बाहेर आला. आमच्याकडे बघितलं नाही, छताकडेही बघितलं नाही. तरातरा कोल्ड रूमपाशी गेला, दार उघडलं. गार वाफ बाहेर आली. क्रेट समोरच, चार पावलांवर दिसत होता. तो एक पाऊल आत टाकणार तोच दार अंगावर यायला लागलं. त्याने ते खांद्याने थोपवलं आणि तसाच उंबऱ्यात उभा राहिला.

आम्ही सगळे बघत होतो. त्याने दाराच्या आतल्या बाजूला, मूठ जिथे असायची तिथल्या भोकाकडे बघितलं. खुंटीवर घोंगडी नव्हती.

"सिंधूबाई," तो म्हणाला. हातातल्या वॉकीत नाही, तोंडाने. "जरा दार धरता का?"

तो तिला 'अगं ए' म्हणायचा. नाव घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सिंधूबाईने कात्री खाली ठेवली, पदराला हात पुसले. "रेडिओ हाये की सायेब तुमच्याकडं."

कुणी हसलं नाही. शेवटी तीच उठली, गुडघ्यावर हात देत दारापाशी गेली आणि दार धरलं. मी असते तर धरलं नसतं, हे इथे लिहून ठेवते.

त्याच दुपारी ओतूरहून फिटर आला आणि एका चहाच्या आत मूठ बसवून गेला. दोन दिवसांनी खुंटीवर पुन्हा घोंगडी दिसायला लागली. निकम त्या हंगामानंतर आळेफाट्याच्या एका हॉटेलावर मॅनेजर म्हणून गेला असं ऐकलं. नाशिकची एसटी तिथे थांबते, मी चहाला उतरत नाही.

मला तो आठवतो तो त्या उंबऱ्यातलाच. सिंधूबाईने दार धरल्यावरही त्याने तिच्याकडे पाठ केली नाही. क्रेटकडे तो उलट्या पावलांनी गेला, मागे हात करून चाचपत. परत बाहेर येईपर्यंत त्याची नजर दारावरच्या तिच्या हातावरून हलली नाही.